दुकान मंडणगडात, दप्तर क्लाउडवर

क्लाउड संगणन म्हणजे स्वतःचा मोठा संगणक विकत न घेता दुसऱ्याच्या संगणकांतली जागा आणि ताकद, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढी, इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी हे तंत्र आधी उचलले. आज रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या मंडणगडसारख्या लहान तालुक्यातही ते रोजच्या व्यवहारात आहे; त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही, एवढेच. किराणा दुकानातला क्यूआर कोड, जीएसटीचे विवरणपत्र, रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, डिजिटल सहीचा सातबारा, वेळासच्या घरगुती निवासाचे बुकिंग, यांपैकी कशाचेही दप्तर तालुक्यात नाही. ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते आणि प्रत्येक व्यवहाराला तिथपर्यंत जाऊन यावे लागते. व्यवसायाचे तंत्रज्ञान बदलले ते म्हणूनच दोन गोष्टी जुळून आल्यामुळे: दप्तर ठेवण्याची जागा बदलली आणि तिथवर जाणारी वाट रुंद झाली. पहिला बदल झपाट्याने झाला. दुसरा अजून अर्धवट आहे, आणि कोकणच्या डोंगरउतारावर सगळे अडते ते तिथे.

जुनी व्यवस्था अनेक दुकानांत आजही दिसते. गल्ल्याजवळ एक संगणक, त्यात टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर, टेबलाखाली इन्व्हर्टर आणि रात्री रोजमेळ जुळला की पेनड्राइव्हवर घेतलेला बॅकअप. कीर्द, खतावणी, मालाचा साठा, गिऱ्हाइकांची उधारी असे सगळे त्या एका हार्ड डिस्कवर. ही व्यवस्था साधी आणि आपल्या हातातली होती, पण तिचा सगळा भार एका यंत्रावर होता. मंडणगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लाइट येते-जाते, विजेचा दाब खाली-वर होतो, दमट हवा यंत्रात शिरते. बॅकअपचा पेनड्राइव्ह बहुधा त्याच टेबलाच्या खणात असतो. दुकानावर संकट आले तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच जातात.

असे संकट जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरची दुकाने बुडाली. एसटीच्या चिपळूण आगारात आगारप्रमुखांनी सुमारे नऊ लाखांची रोकड सोबत घेऊन बसच्या टपावर कित्येक तास काढले आणि ती वाचवली. रोकड अशी उराशी धरून वाचवता येते. भिजलेल्या वह्या, बिलबुके आणि गढूळ पाण्यात बुडालेले संगणक यांचे तसे नसते. कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, विमा कंपनीला दाखवायचा साठा किती होता, हे सांगणारा कागदच उरला नाही की मालाच्या नुकसानीवर दुसरे नुकसान चढते. ज्याचा हिशेब दूरच्या सर्व्हरवर आहे, त्याला नव्या फोनवरून आपल्या खात्यात शिरून आदल्या दिवसापर्यंतची उधारी पाहता येते. लहान व्यापाऱ्यासाठी क्लाउडचा सर्वांत मोठा फायदा कोणता, याचे उत्तर कोकणात तरी वेगापेक्षा आणि स्वस्ताईपेक्षा हेच आहे.

हे दूरचे सर्व्हर ज्या इमारतीत असतात तिला डेटा सेंटर म्हणतात. एका छताखाली हजारो संगणक, त्यांना एकाहून जास्त वाहिन्यांवरून येणारी वीज, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर, अखंड चालणारी शीतकरण यंत्रणा आणि चोवीस तास पहारा. पण खरी किमया सॉफ्टवेअरची आहे. एका दणकट संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक करता येतात. प्रत्येक ग्राहकाला आपला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखा वाटतो आणि एकाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. माहितीच्या एकाहून अधिक प्रती ठेवता येतात. एक यंत्र बंद पडले तर दुसरे काम उचलते. ॲमेझॉनने २००६ साली साठवण आणि संगणकशक्ती अशी भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हा व्यवसाय उभा राहिला. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे सुरू झाली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये, गूगलचे नोव्हेंबर २०१७ मध्ये आले. केंद्र सरकारने आपल्या खात्यांसाठी ‘मेघराज’ या नावाने स्वतंत्र क्लाउड उभारला.

देशातली डेटा सेंटरे मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात दाटली आहेत: ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबली वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत आणि वीजपुरवठा भरवशाचा आहे. मंडणगडच्या कुटुंबांतली कर्ती माणसे कित्येक पिढ्या मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जात आली. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ६२ हजारच भरली. माणसांपाठोपाठ आता तालुक्याचे दप्तरही त्याच दिशेला गेले आहे.

भाड्याने घेण्यात नेमका फायदा काय, हे आंब्याच्या हंगामावरून चटकन समजते. बागायतदार पेट्या मुंबईला पाठवण्यासाठी वर्षभर ट्रक पदरी ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये हव्या तितक्या गाड्या ठरवतो. संगणकशक्तीचेही तसेच करता येते. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता राज्यभरातले पंधरा लाखांच्या घरातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच वेळी निकाल उघडू पाहतात. पूर्वी त्या वेळी संकेतस्थळ हमखास कोलमडायचे. तेवढ्या एका दुपारसाठी मंडळाने कायमचे शेकडो संगणक विकत घेणे परवडणारे नाही. आता निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकदम जाहीर होतो. गर्दी वाढली की जास्तीचे सर्व्हर जोडता येतात आणि ओसरली की सोडून देता येतात. वर्षानुवर्षे राज्यात पहिल्या येणाऱ्या कोकण विभागातल्या मुलांना आपला निकाल सायबर कॅफेच्या रांगेत न थांबता घरी पाहता येतो, त्यामागे ही सोय आहे.

भाड्याने मिळणाऱ्या गोष्टींचे प्रकार थोडक्यात असे. मोठ्या कंपन्या नुसती यंत्रे घेतात आणि त्यांवर आपली व्यवस्था बसवतात. सॉफ्टवेअर तयार करणारे अर्धी मांडून ठेवलेली व्यवस्था घेतात. दुकानदार, शाळा, सोसायटी यांच्या वाट्याला येते ते तयार सॉफ्टवेअर: ॲप उघडायचे, बिल करायचे, महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे. यंत्र कुठले, दुरुस्ती कोण करतो, नवी आवृत्ती कधी आली, याची चिंता त्याला करावी लागत नाही.

आता वाटेकडे वळायला हवे. २०१४ साली देशात एक जीबी मोबाइल डेटा सरासरी सुमारे २६९ रुपयांना पडत होता. २०१८ मध्ये तो १२ रुपयांच्या आत आला, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची आकडेवारी सांगते. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची फोर-जी सेवा सुरू झाली आणि सगळ्या कंपन्यांना दर खाली आणावे लागले. फाइव्ह-जीचा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झाला. सरकारी बीएसएनएलचे फोर-जी देशी बनावटीच्या यंत्रणेवर २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभरातल्या सुमारे ९७,५०० टॉवरवर सुरू झाले. आतल्या वाड्यांमध्ये खाजगी कंपन्यांना टॉवर उभारणे परवडत नाही, तिथे या शेवटच्या गोष्टीचे मोल जास्त आहे.

वेग म्हणजे नेमके काय, याबद्दल बराच गोंधळ आढळतो. एका सेकंदाला किती माहिती वाहते हा एक भाग झाला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला किती उशीर लागतो हा दुसरा. चित्रपट पाहायला पहिला महत्त्वाचा, पैसे देण्याघेण्याला दुसरा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मंडणगडपासून नवी मुंबईपर्यंतचे अंतर केबलच्या वळणांसकट दोनशे किलोमीटर धरले, तरी संदेश एका मिलिसेकंदात पोचायला हवा. म्हणजे अंतर ही अडचणच नाही. उशीर होतो तो फोन आणि टॉवर यांच्यामध्ये, एका टॉवरवर गर्दी झाली की लागणाऱ्या रांगेत, आणि टॉवरपासून पुढे जाणारी वाट अरुंद असेल तर तिथे. फाइव्ह-जीत फोन आणि टॉवर यांच्यामधला उशीर पुष्कळ कमी होतो. पण टॉवरच्या मागे फायबर नसेल, तर फोनवर फाइव्ह-जीचे चिन्ह दिसूनही काम रखडते.

मंडणगडचा भूगोल इथे आडवा येतो. उत्तरेला सावित्रीची खाडी, दक्षिणेला भारजा नदी, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा किनारा आणि मधे एकामागे एक डोंगरधारा. म्हाप्रळकडून येणारा रस्ता शेनाळ्याचा घाट चढून वर येतो. गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नव्हे. एका गावाच्या पाच-सहा वाड्या, कुणी धारेवर, कुणी पऱ्ह्याकाठी, कुणी डोंगराच्या पोटाशी. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात आणि त्यांच्या वाटेत डोंगर आला की पलीकडे सावली पडते. त्यामुळे उघड्या सड्यावर फोनला पूर्ण रेंज आणि त्याच सड्याखालच्या वाडीत शून्य, असे सर्रास घडते. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यात एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी बांधून तिथे ऑनलाइन अभ्यास केला, ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली. ती अपवादाची गोष्ट नव्हती. कोकणच्या भूगोलात रेंज कशी वागते याचे ते ढळढळीत उदाहरण होते.

लहरींची कंप्रता बदलली की हा हिशेबही बदलतो. ७०० मेगाहर्ट्‌झसारख्या कमी कंप्रतेच्या लहरी दूर जातात, झाडी आणि भिंती बऱ्यापैकी पार करतात, पण फार माहिती वाहून नेत नाहीत. फाइव्ह-जीचा मोठा वेग मिळतो तो ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या लहरींवर, आणि त्यांचा पल्ला लहान. शहरात चौकाचौकात टॉवर बसवता येतात. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी वेगळा टॉवर कोणत्याच कंपनीच्या हिशेबात बसत नाही. बाजारपेठेत पुढचे तंत्र आणि वाडीत मागच्याचीही वानवा, ही विषमता लहरींच्या स्वभावातून आणि कंपन्यांच्या ताळेबंदातून एकत्रच येते. फायबर टाकणेही सोपे नाही. जांभ्याच्या कातळात चर खणायला खर्च येतो, रस्ता रुंद करताना जेसीबीच्या दातात केबल तुटते, घाटात दरड येते, आणि खांबांवरून नेलेली केबल वादळात झाडासकट खाली येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मंडणगड, दापोली हे लगतचे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. आंबा, काजू, पोफळी आणि नारळ आडवे झाले, विजेचे खांब शेकड्यांनी कोसळले. टॉवरला वीज गेल्यावर तो बॅटरीवर काही तास चालतो, पुढे जनरेटर असेल तर डिझेल पोचेपर्यंत. रस्तेच झाडांनी बंद झाल्यावर डिझेल कुठले? अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, आणि मुंबईतल्या चाकरमान्यांना आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला दिवसचे दिवस लागले. दप्तर त्या वेळी सुरक्षित होते, पण ते उघडायची सोय नव्हती. चिपळूणच्या पुराने दाखवले की दप्तर दूर हवे, आणि निसर्गने दाखवले की नुसते दूर असून भागत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय कोकणात तंत्रज्ञानाचा विचार पुरा होत नाही.

रोजच्या व्यवहारात ही साखळी किती लांब आहे, हे यूपीआयच्या एका व्यवहारात दिसते. मंडणगडच्या बाजारात कोणी दोनशे रुपयांचे सामान घेऊन क्यूआर कोड स्कॅन करतो. फोनवरून निघालेला संदेश टॉवरकडे, तिथून फायबरने ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या आणि तिच्या बँकेच्या सर्व्हरकडे, मग राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे जातो. महामंडळ गिऱ्हाइकाच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते, दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते, दोघांचे होकार गोळा करते आणि उलट वाटेने निरोप पाठवते. शेवटी गल्ल्यावरचा साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो. त्याच्यात वेगळे सिम असते, म्हणजे तो वेगळ्याच कंपनीच्या टॉवरवर असू शकतो. सगळे सुरळीत असेल तर दोन-चार सेकंदांत आटोपते. एक कडी अडकली की गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘गेले’, दुकानदाराकडे ‘आले नाहीत’, आणि मागे रांग. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात अशा व्यवहारांच्या संख्येने महिन्याला दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांत आता पैसे त्याच मिनिटाला पोचतात आणि तिथूनच वाण्याचे बिलही भागते.

जीएसटीने व्यापाऱ्याच्या हिशेबाची लयच बदलली. १ जुलै २०१७ पूर्वी आपली वही आपल्यापाशी आणि वर्षाअखेरीला सल्लागाराकडे, अशी पद्धत होती. आता पुरवठादार आपली बिले महिन्याच्या ११ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवतो आणि १४ तारखेला खरेदीदाराच्या खात्यात त्यांचे विवरण तयार होते. त्या विवरणात बिल दिसले तरच खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायचे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवून त्यावर क्यूआर कोड घ्यावा लागतो. मंडणगडातला सिमेंट-पत्र्याचा दुकानदार स्वतः त्या मर्यादेत येत नसेल, पण त्याला माल देणारा घाऊक व्यापारी येतो. दोघांच्या वह्या अशा एकमेकींत गुंतल्या आहेत. नियमित विवरणपत्रे आणि यूपीआयची जमा यांची नोंद तयार असल्यामुळे बँकेकडे कर्ज मागताना लहान दुकानदाराला दाखवायला काहीतरी ठोस असते, हा त्याचा दुसरा आणि चांगला परिणाम.

चिरेखाणीचा व्यवसाय संगणकापासून फार लांबचा वाटतो, पण तोही यात आला आहे. जांभा चिरा हे गौण खनिज. ते वाहून नेणाऱ्या प्रत्येक गाडीला राज्याच्या महाखनिज प्रणालीवरून ऑनलाइन वाहतूक परवाना काढावा लागतो. त्यात गाडी, माल, ठिकाण आणि मुदत नोंदलेली असते. मुदत संपली की परवाना बाद. म्हणजे चिरे भरून ट्रक तयार असला तरी रेंज येईपर्यंत चाक हलत नाही, आणि परवाना निघाल्यावर घाटात गाडी अडकली तरी घड्याळ थांबत नाही.

विकास सोसायट्यांचा बदल कमी बोलला जातो, पण शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. एकाच गटसचिवाकडे अनेक सोसायट्यांची दप्तरे, हाताने लिहिलेल्या खतावण्या आणि मार्चअखेरच्या वसुलीला होणारी धावपळ, हे ग्रामीण महाराष्ट्राचे परिचित चित्र. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येक सोसायटीने आपापले सॉफ्टवेअर घेण्याऐवजी नाबार्डच्या देखरेखीखाली एकच समान सॉफ्टवेअर क्लाउडवर चालते आणि ते जिल्हा व राज्य सहकारी बँकांशी जोडलेले असते. भाताचे, आंब्याचे, काजूचे पीककर्ज घेणाऱ्या खातेदाराची बाकी त्या दिवशीची त्या दिवशी कळणे आणि लेखापरीक्षकाला जुळवणी न शोधता मिळणे, यांमुळे गावच्या संस्थेवरचा विश्वास वाढतो.

मालाच्या विक्रीतही फरक पडला. वाशी बाजारात पाठवलेल्या पेटीला काय भाव मिळाला हे बागायतदाराला पूर्वी दलालाची पट्टी हाती आल्यावर कळे. आता भाव फोनवर येतात, आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत गाववाल्यांच्या ओळखीने थेट विक्री होते: मागणी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून फळ कुठल्या बागेचे हे पाहता येण्याची सोय त्यातूनच पुढे आली. वेळासमध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांचे संरक्षण केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावातल्या घरांनी पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय केली. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून पाहुण्यांना ताजी खबर पोचवणे हा त्या व्यवसायाचा कणाच. याच किनाऱ्यावर २५ जानेवारी २०२२ रोजी ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले गेले. ती श्वास घ्यायला वर आली की यंत्र उपग्रहाला संदेश देई आणि अरबी समुद्रातला तिचा प्रवास अभ्यासकांना संगणकावर दिसे. ज्या गावात फोनची रेंज जागा बघून धरावी लागते, तिथल्या कासवाचा ठावठिकाणा दूरच्या पडद्यावर उमटत होता.

सगळ्यांचे दप्तर थोड्या ठिकाणी एकवटले की बिघाडही एकवटतो. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे समोर आले. पेमेंट महामंडळाने तिची यंत्रणा तात्पुरती वेगळी काढली आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले; दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय काही आठवड्यांत अनेकदा अडखळले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या ॲमेझॉनच्या केंद्रांत बिघाड झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा तासन्‌तास बंद पडल्या. खेड्यातल्या खिडकीवर अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकू येते, आणि त्या तीन शब्दांत रेंज गेली, वीज गेली की हजारो मैलांवर काही बिघडले हे कळत नाही. समोरचा माणूस मात्र चार किलोमीटर चालून आलेला असतो. कारण सांगणे आणि पर्यायी नोंद करून काम पुढे नेणे, हे यंत्रणेच्या आखणीतच असायला हवे.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. पैशाच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो वर्षानुवर्षे फोनमध्ये साठवून ठेवण्याची सवय घरगुती निवास चालवणाऱ्यांनी सोडली पाहिजे, कारण ते फोटो फोनच्या बॅकअपबरोबर आपोआप क्लाउडवर जातात. दुसरी बाब दप्तराच्या मालकीची. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ॲप चालवणारी कंपनी त्याआधी बंद पडली किंवा तिने भाडे दुप्पट केले, तरी जबाबदारी व्यापाऱ्याचीच राहते. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेताना सगळ्या नोंदी एक्सेलसारख्या साध्या रूपात उतरवून घेता येतात का, हे आधी पाहावे, आणि महिन्याला एकदा तशी प्रत खरोखर उतरवून ठेवावी.

डोंगराळ भागाला शोभेल असे सॉफ्टवेअर वेगळ्या पद्धतीने बांधावे लागते. नोंद आधी दुकानातल्या फोनवर किंवा संगणकावर होते, बिल तिथेच छापले जाते आणि रेंज आली की साठलेल्या नोंदी क्रमाने वर जातात. ऐकायला सोपे, पण करायला जिकिरीचे: एकच माल दोन काउंटरवरून विकला गेला आणि दोन्ही नोंदी उशिरा पोचल्या, तर साठा कोणता खरा धरायचा याचा नियम आधीच ठरवावा लागतो. पैशांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा, म्हणून तिथे मर्यादा घालून वाट काढली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये छोटी रक्कम फोनमध्येच काढून ठेवता येते आणि प्रत्येक खर्चाला बँकेचा दरवाजा ठोठवावा लागत नाही. मार्च २०२२ मधल्या यूपीआय १२३पे या सोयीने साध्या बटणाच्या फोनवरूनही पैसे देता येतात. मंडणगडसारख्या तालुक्यात व्यवसायाची यंत्रणा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: नेट गेले असताना तिच्यावर किती काम होते?

वाटेच्या बाजूने करण्यासारखेही पुष्कळ आहे. बरेच दुकानदार दोन कंपन्यांची सिमे ठेवतात, आणि रोजच्या कामाला ते पुरते. पण दोन्ही कंपन्यांचे टॉवर घाटातल्या एकाच फायबरवर अवलंबून असतील, तर दरड कोसळल्यावर दोन्ही एकदम मुकी होतात. पर्याय खरा ठरतो तो वाट वेगळी असेल तेव्हा. जमिनीपासून सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा ही तशी वेगळी वाट आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीशी दुर्गम भागांसाठी इरादापत्र केले. या सेवेचा खर्च पाहता दुकानापेक्षा तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, बँक अशा ठिकाणी आपत्तीतला आधार म्हणून ती आधी यावी, हे रास्त.

मुख्य भार मात्र फायबरवरच राहणार. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. सुरुवातीच्या आखणीत तालुक्यापासून निघालेली केबल एकामागून एक गावे घेत सरळ पुढे जाई; मधे कुठेही तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात, सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या खर्चात, ही रचना बदलून वर्तुळाकार केली जात आहे. वर्तुळात एका बाजूला केबल तुटली तर माहिती उलट दिशेने फिरून पोचते आणि दुरुस्ती होईपर्यंत काम चालू राहते. ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद त्यात आहे. कुंबळे, देव्हारे किंवा बाणकोटच्या अंगाला विखुरलेल्या वाड्यांच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण पंचायतीच्या कार्यालयापासून वाडीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर हे या सगळ्या वाटेतले सर्वांत अवघड अंतर आहे. ते कापण्यासाठी मागणी ग्रामपंचायतीकडूनच जावी लागते.